बालकाचे अवधान आणि दुसऱ्याच्या मनाची जाण

१. पाठाचा हेतू

‘इकडे लक्ष दे’ ही आज्ञा प्राथमिक शाळेत दिवसातून कितीदा तरी उच्चारली जाते. ती पाळली गेली नाही, की मूल हट्टी, आळशी किंवा मंद आहे असा समज होतो. आणि तो समज एकदा हजेरीपटावरील नावाला चिकटला, की सहसा पुसला जात नाही. वास्तविक लक्ष देणे ही एकच एक क्रिया नव्हे. मेंदूचे निरनिराळे भाग मिळून ती घडवून आणतात. त्या भागांची वाढ सारख्या गतीने होत नाही. शिवाय त्यांपैकी काही भाग, किंवा त्यांना लागूनच असलेले भाग, दुसऱ्या माणसाचे मन ओळखण्याच्या कामातही गुंतलेले असतात. बालक वस्तूकडे लक्ष द्यावयास शिकते, ते आधी माणसाकडे लक्ष देऊन आणि त्याच्या नजरेमागोमाग आपली नजर नेऊन. ही गोष्ट शास्त्राच्या आधारे समजावून देणे व वर्गाध्यापनात तिचा उपयोग कसा करावा ते सांगणे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

२. घाटनांदूर परिसरातील वर्ग

घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातील गाव. बालाघाटच्या पठारी मुलुखातील या गावाचे रेल्वे स्थानक परळी ते लातूर रोड या लोहमार्गावर आहे. या मुलुखातील शाळांपुढे एक अडचण दर वर्षी ठरल्या वेळी येऊन उभी राहते. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून फार मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीचा मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे जाणे टाळता येत नाही. काही मुले आजी-आजोबांपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहाच्या आधाराने शिकतात, तर काही आईबापांबरोबर फडावर जातात. कारखान्यांचा गाळप हंगाम संपून कुटुंब परत येते, तेव्हा शाळेचे वर्षही संपत आलेले असते.

समजा, तिसरीच्या वर्गात अशी एक मुलगी मार्च महिन्यात परत आली. फळ्यावर हातच्याची वजाबाकी चालली असताना तिची दृष्टी दाराकडे जाते. बाहेर कोणाचे मूल रडले, तर वर्गात सर्वांआधी तिची मान वळते. प्रश्न विचारला असता ती शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहत राहते, फळ्याकडे पाहत नाही. ‘हिचे लक्षच नसते’ असा शेरा देणे येथे सोपे आहे. परंतु तो खरा नाही. हीच मुलगी चार महिने फडावर धाकट्या भावंडाला सांभाळत होती. कोपीतून येणारा रडण्याचा बारीक आवाज, ऊस भरून निघालेल्या ट्रॅक्टरची घरघर आणि थकून आलेल्या आईच्या चेहऱ्यावरील भाव हे सर्व तिला एकाच वेळी टिपावे लागत होते. तिचे अवधान कच्चे नाही. त्याला वेगळे वळण लागले आहे. हा फरक ओळखता येण्यासाठी शिक्षकाला मेंदूच्या कार्याची थोडी माहिती हवी.

३. मेंदूची स्थूल ओळख

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारणतः १३०० ते १४०० ग्रॅम असते. ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार त्यात सुमारे ८६ अब्ज, म्हणजे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. मोठ्या मेंदूचे उजवा व डावा असे दोन अर्धगोल असून प्रत्येक अर्धगोलाचे चार खंड मानतात. शिक्षकांनी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून हे खंड समजून घ्यावेत. कपाळावर तळहात ठेवला असता त्याच्या मागे येतो तो ललाटखंड; कानशिलाच्या आत शंखखंड; टाळूच्या मागच्या उतारावर पार्श्वखंड; आणि मानेच्या वर, डोक्याच्या मागील फुगवट्यात पश्चखंड. पश्चखंडात दृष्टीचे काम चालते, तर शंखखंडात ऐकण्याचे आणि चेहरे व वस्तू ओळखण्याचे काम मुख्यतः चालते. पार्श्वखंड जागा, दिशा व स्पर्श यांचा मेळ घालतो. ललाटखंड हालचाली ठरवतो, बेत आखतो आणि अनावर ऊर्मी आवरून धरतो.

यांपैकी कोणताही भाग एकट्याने काम करीत नाही. गावात पाणी सोडणारा, वीज पाहणारा आणि दप्तर ठेवणारा माणूस वेगळा असला तरी गावाचा कारभार एकमेकांच्या आधारानेच चालतो. तसेच मेंदूचे आहे. अमुक भागात अमुक गुण ‘राहतो’ असे न म्हणता, अमुक काम करताना अमुक भागांचे जाळे कार्यरत होते, असे म्हणणे अधिक बरोबर ठरते.

सहा वर्षांच्या मुलाच्या मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. परंतु आकार वाढला म्हणजे घडण पुरी झाली असे नव्हे. ललाटखंडाच्या पुढील भागाची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. तेव्हा पहिली-दुसरीतील मुलाने प्रौढाप्रमाणे चाळीस मिनिटे स्वतःला आवरून बसावे ही अपेक्षा म्हणजे जोंधळा पोटरीत येण्यापूर्वीच कणीस मागण्यासारखी आहे.

४. अवधानाची तीन अंगे

मायकेल पोस्नर व स्टीव्हन पीटरसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली अवधानाची तीन अंगे मांडली. वर्गातील निरीक्षणासाठी ही विभागणी फार उपयोगी आहे.

पहिले अंग जागरूकतेचे. मेंदूच्या देठात, म्हणजे मेंदू पाठीच्या कण्याकडे उतरतो तेथे, चेतापेशींचा एक छोटा पुंज आहे. तेथून नॉरएड्रेनॅलिन नावाचे द्रव्य मेंदूभर पोहोचते व मेंदू सावध होतो. झोप अपुरी झालेल्या किंवा तापातून उठलेल्या मुलात हे अंगच मंदावलेले असते. त्याला कितीही रागावले तरी ते अंग बळकट होत नाही.

दुसरे अंग वळण्याचे. अनेक गोष्टींतून एकीकडे नजर व मन वळवणे हे काम पार्श्वखंड, ललाटखंडातील नेत्रचालक भाग आणि त्यांच्याशी जोडलेली केंद्रे करतात. स्थानकात शिरणाऱ्या गाडीचा भोंगा वर्गात ऐकू आला, की सर्व माना तिकडे वळतात. तो बेशिस्तपणा नव्हे. अनपेक्षित गोष्टीकडे वळणे हा मेंदूचा रक्षणधर्म आहे. हे अंग दुखावले म्हणजे काय होते ते उजव्या पार्श्वखंडाला इजा झालेल्या रुग्णांत दिसते. डोळे चांगले असूनही त्यांतील काही जणांना डाव्या बाजूचे भान राहत नाही. ताटाच्या उजव्या बाजूचे तेवढे अन्न ते खातात. इटलीतील मिलान येथे बिसियाक व लुत्सात्ती या संशोधकांनी १९७८ साली अशा दोन रुग्णांना, शहरातील ओळखीच्या चौकाच्या एका टोकाला उभे असल्याची कल्पना करून चौकाचे वर्णन करावयास सांगितले. त्यांनी मुख्यतः उजव्या बाजूच्या इमारती सांगितल्या. मग समोरच्या टोकाला उभे असल्याची कल्पना करावयास सांगताच, आधी वगळलेल्या इमारती त्यांनी सांगितल्या व आधी सांगितलेल्या वगळल्या. स्मृती शाबूत होती, पण तिच्या अर्ध्या भागाकडे अवधान वळत नव्हते. ‘माहीत आहे पण सांगता येत नाही’ ही स्थिती खोटी नसते, एवढा बोध यातून घ्यावयाचा.

तिसरे अंग आवरण्याचे. मनात आलेले पहिले उत्तर थोपवून धरणे, शेजाऱ्याच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करणे, हातचा लक्षात ठेवून पुढचा अंक वजा करणे ही कामे ललाटखंडाचा पुढील भाग आणि दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या भिंतीवरील त्याला लागून असलेला भाग करतात. या भागाचे महत्त्व एका अपघाताने जगापुढे आणले. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू असताना, फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या गालाखालून शिरून सुमारे एक मीटर लांबीची पहार कवटीच्या वरून आरपार गेली. तो वाचला, बोलू-चालू लागला. परंतु त्याचे डॉक्टर जॉन हार्लो यांनी नोंदवले, की पूर्वीचा जबाबदार माणूस लहरी व उतावळा झाला, बेत करी आणि सोडून देई. या कथेचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. पुढे गेजने दक्षिण अमेरिकेतील चिली देशात काही वर्षे घोडागाडी हाकण्याचे नेमाचे काम केले. ठरावीक दिनक्रम व बाहेरची शिस्त लाभली असता दुखावलेला मेंदूही काही अंशी सावरतो, असे या उत्तरार्धावरून अनेक अभ्यासक मानतात. जेथे ललाटखंड अजून घडत आहे, तेथे तर नेमस्त दिनक्रमाचे मोल अधिकच आहे.

५. दुसऱ्याच्या मनाची जाण

आता पाठाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. पुढील गोष्ट अंगणवाडीतील चार-पाच मुलांना, एकेकाला वेगळे घेऊन सांगावी.

‘सोनीने गुळाचा खडा वाटीत ठेवला आणि ती खेळायला गेली. ती नसताना आईने तो खडा वाटीतून काढून डब्यात ठेवला. सोनी परत आली. ती गूळ कोठे शोधील?’

तीन वर्षांचे मूल बहुधा ‘डब्यात’ असे सांगते. गूळ डब्यात आहे हे त्याला स्वतःला ठाऊक आहे; सोनीला ते ठाऊक नाही, ही गोष्ट त्याच्या ध्यानात येत नाही. चार-पाच वर्षांचे मूल ‘वाटीत’ असे सांगू लागते. खरे काय आहे आणि दुसऱ्याला काय वाटते या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे त्याला उमगलेले असते. विमर व पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली या स्वरूपाची परीक्षा मांडली. २००५ साली कॅनडा, भारत, पेरू, सामोआ व थायलंड या पाच देशांतील मुलांवर केलेल्या अभ्यासात सर्वत्र ही समज साधारण पाचव्या वर्षाच्या सुमारास येत असल्याचे दिसले. म्हणजे ही केवळ शहरी किंवा शिकलेल्या घरांतील मुलांची मिरास नव्हे.

ही समज सर्वसाधारण बुद्धीहून काहीशी वेगळी आहे, हेही ध्यानात घ्यावे. लंडनमध्ये बॅरन-कोहेन, लेस्ली व फ्रिथ यांनी १९८५ साली स्वमग्न मुलांची अशी परीक्षा घेतली. २० पैकी १६ मुलांना बरोबर उत्तर देता आले नाही. उलट डाउन लक्षणसमूह असलेल्या, बौद्धिक वयाने त्यांच्याहून लहान ठरलेल्या १४ पैकी १२ मुलांनी ते दिले. एखादे मूल पाढे अचूक म्हणते, पण दुसऱ्याचा राग-लोभ त्याला कळत नाही. दुसरे मूल बेरजेत अडते, पण रडणाऱ्या मित्राला नेमके काय हवे ते ओळखते. एकाच मोजपट्टीने दोघांना मोजणे अन्यायाचे आहे.

ही समज मेंदूच्या कोणत्या भागांच्या आधाराने येते? पुढील चार भाग मुख्यतः सांगता येतात.

(अ) शंखखंडाच्या वरच्या बाजूस असलेली लांब खाच. दुसऱ्याची नजर कोठे आहे, हात कोणीकडे जात आहे, ओठ कसे हलत आहेत, हे टिपताना हा भाग विशेष कार्यरत होतो.

(आ) शंखखंडाच्या तळाशी, मागील बाजूस असलेला, चेहरे ओळखण्यास साह्य करणारा भाग.

(इ) कपाळाच्या मधोमध, दोन्ही अर्धगोल एकमेकांसमोर येतात तेथील ललाटखंडाचा भाग. स्वतःविषयी व इतरांविषयी विचार करताना तो कामास लागतो.

(ई) शंखखंड व पार्श्वखंड मिळतात तो सांधा. कानाच्या थोडा वर व मागे. दुसऱ्याला काय वाटत असेल, त्याची समजूत काय असेल, याचा विचार करताना हा सांधा, विशेषतः उजवा, कार्यरत होतो, असे रिबेका सॅक्स व नॅन्सी कॅन्विशर यांनी २००३ साली दाखवले.

६. दोन्ही वाटा मिळतात तेथे

वर सांगितलेला उजवा सांधा अवधानाच्या अभ्यासकांना आधीपासून परिचित होता. मॉरिझिओ कॉर्बेटा व गॉर्डन शुलमन यांनी २००२ साली केलेल्या मांडणीत, एका कामात गुंतलेले लक्ष अनपेक्षित पण महत्त्वाच्या गोष्टीकडे वळवण्याचे काम याच परिसराकडे दिलेले आहे. लक्ष वळवणारा व मन ओळखणारा भाग नेमका एकच, की शेजारीशेजारी असलेले दोन, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु दोन्ही कामांत एक साम्य उघड आहे. लक्ष वळवणे म्हणजे चालू जागा सोडून दुसऱ्या जागी जाणे. दुसऱ्याचे मन ओळखणे म्हणजे आपली दृष्टी सोडून त्याच्या दृष्टीने पाहणे.

बालकाच्या वाढीतही या दोन वाटा आरंभापासून एकत्र चालतात. तान्हे मूल प्रथम आईच्या डोळ्यांकडे पाहते. नंतर ती पाहील तिकडे पाहू लागते. बाळ मोठ्यांच्या नजरेमागोमाग नजर वळवते हे स्केफ व ब्रूनर यांनी १९७५ साली प्रयोगाने दाखवले. वर्षाचे होता होता ते चिमणीकडे बोट दाखवते आणि आई पाहते की नाही हे वळून पाहते. बाळ, आई आणि चिमणी असा हा त्रिकोण म्हणजेच ‘सहावधान’, दोघांनी मिळून एका वस्तूकडे दिलेले लक्ष. भाषा याच त्रिकोणात वाढते. ‘चिमणी’ हा शब्द कशाला लावायचा ते बाळाला आईच्या नजरेवरून कळते.

महाराष्ट्राला हे तत्त्व परके नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधानच मागितले आहे. ते हुकमाने नव्हे, लडिवाळ विनवणीने. गावातील चांगला कीर्तनकारही आधी समोरच्यांचे चेहरे पाहतो, त्यांच्या ओळखीच्या गोष्टीवरून आरंभ करतो, आणि सर्वांची मने एका ठिकाणी आली, की मगच निरूपणाला लागतो. बोर्डी येथे १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनीही मुलांना शाळेच्या खोलीत ओढून आणण्यापेक्षा शाळाच पाड्यावरील अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. मूल जेथे पाहत आहे तेथे आधी शिक्षकाने पाहावे, हाच त्या कार्याचा गाभा होय.

आता तिसरीतील त्या मुलीकडे पुन्हा पाहावे. शिक्षक प्रश्न विचारतात तेव्हा ती फळ्याकडे न पाहता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहते. ती त्रिकोणाचा पहिला कोन शोधत आहे. हे माणूस आपले आहे की नाही याचा अदमास घेत आहे. तो कोन पक्का झाला, की शिक्षकाच्या नजरेमागोमाग तिची नजर फळ्यावर जाईल. त्याआधी छडीने फळा ठोकून ती जाणार नाही.

बाहेर पाहत बसलेल्या मुलाचा मेंदूही रिकामा नसतो. मार्कस रायकल यांनी २००१ साली दाखवले, की बाहेरचे काम हाती नसतानाही मेंदूतील भागांचे एक जाळे कार्यरत राहते. आठवणी, स्वतःविषयीचे विचार आणि इतर माणसांविषयीचे विचार करताना कामास लागणारे भाग या जाळ्याशी बऱ्याच अंशी जुळतात. आईबाप कारखान्यावर असलेले मूल खिडकीबाहेर पाहत असेल, तर त्याचे मन कोठे असेल हे कळावयास यंत्राची गरज नाही.

७. भय, वियोग, भूक आणि झोप

शंखखंडाच्या आत बदामाच्या आकाराचा एक पुंज दोन्ही बाजूंस असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. धोका ओळखणे व भीतीची आठवण ठेवणे यांत त्याचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली उंदरांच्या गर्भावरील अभ्यासातून दाखवले, की अमिग्डलाशी संबंधित एका केंद्रातील पेशी पुढमेंदूच्या मागील भागात जन्म घेऊन स्थलांतर करीत तेथे येतात. भावनेचा मेंदू आणि विचाराचा मेंदू या दोन अगदी वेगळ्या वस्ती आहेत, ही जुनी कल्पना त्यामुळे ढिली पडते. त्याच संस्थेतील विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेत, आरंभीच्या वयातील ताणाचा मेंदूवर काय परिणाम होतो याचा अभ्यास झाला आहे. पिलांना जन्मानंतरच्या काळात रोज काही वेळ आईपासून दूर ठेवले असता मोठेपणी त्यांच्यात चिंतेचे वर्तन वाढलेले दिसते. उंदरांवरील निष्कर्ष माणसाच्या मुलाला जसेच्या तसे लावू नयेत. तथापि वियोग ही मेंदूला जाणवणारी गोष्ट आहे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

तीव्र भीती वाटत असताना नॉरएड्रेनॅलिन व डोपामिन ही द्रव्ये अतिरिक्त प्रमाणात सुटतात आणि ललाटखंडाच्या पुढील भागाचे काम काही काळ ढासळते, असे एमी आर्नस्टेन यांच्या संशोधनातून दिसून आले आहे. तात्पर्य, ज्या भागाकडून हातचा लक्षात ठेवून घ्यावयाचा, तोच भाग छडीच्या भयाने निकामी होतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. कायदा दयेच्या बाजूने आहेच. शास्त्रही त्याच बाजूस उभे आहे.

भुकेचेही तसेच आहे. पाच वर्षांच्या सुमारास मुलाचे शरीर जी एकूण ऊर्जा खर्च करते, तिच्यापैकी ४० टक्क्यांहून अधिक एकट्या मेंदूला लागते. सकाळी चहावर आलेल्या मुलाचे लक्ष दुपारच्या आहारापूर्वी विरते याचे नवल नाही. पहाटे ऊस भरावयास उठणाऱ्या फडावर झोपेचे जे वेळापत्रक लागते, ते शाळेच्या वेळापत्रकाशी जुळावयास काही आठवडे जाऊ द्यावेत.

८. वर्गात काय करावे

(१) परत आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी परीक्षेचा प्रश्न विचारू नये. त्याने काय पाहिले ते वर्गाला सांगू द्यावे. उसाची मोळी किती टिपऱ्यांची, एका गाडीत किती मोळ्या, वजनकाटा कसा चालतो, हे सर्व गणितच आहे. त्याच्या अवधानाला लागलेले वळण असे पाठाकडे आणावे.

(२) सूचना देण्यापूर्वी क्षणभर थांबावे, मुलांच्या डोळ्यांत पाहावे, मग फळ्यावरील नेमक्या जागेकडे स्वतः पाहून बोट दाखवावे. ‘लक्ष दे’ याऐवजी ‘या दशकाच्या घराकडे पाहा’ असे म्हणावे. कोठे पाहायचे ते सांगितल्याखेरीज लक्ष वळत नाही.

(३) प्रश्न आधी विचारावा, थोडा वेळ जाऊ द्यावा, मग नाव घ्यावे. नाव आधी घेतले, की बाकीचा वर्ग विचार करणे सोडून देतो.

(४) एका वेळी एकच सूचना द्यावी. ‘वही काढा, पान उलटा, तारीख लिहा, चौथे उदाहरण सोडवा’ अशी माळ लहान मुलाच्या ध्यानात राहत नाही.

(५) पंधरा-वीस मिनिटांनी कामाचा प्रकार बदलावा. ऐकणे झाले की बोलणे, बसणे झाले की उभे राहणे.

(६) आवरण्याचे अंग खेळातून वाढते. ‘नदी की पहाड’, ‘शिवाजी म्हणतो’ यांसारख्या, थांबावयास लावणाऱ्या खेळांसाठी रोज दहा मिनिटे द्यावीत.

(७) गोष्ट सांगताना मध्येच विचारावे : ‘हे कोल्ह्याला माहीत आहे का? कावळ्याला काय वाटले असेल?’ दुसरी-तिसरीत ‘कोल्ह्याला काय वाटते असे कावळ्याला वाटते?’ इतका वळसा मुलांना घेता येतो. दुसऱ्याच्या मनाची जाण अशा बोलण्याने वाढते.

(८) मोठ्या मुलाची लहान मुलाशी जोडी लावावी. शिकवणाऱ्याला, समोरच्याला काय कळले नाही ते ओळखावे लागते. त्यात त्याचाही अभ्यास होतो. बहुवर्ग शाळेत ही सोय आपोआपच उपलब्ध असते.

९. सावधगिरी

मेंदूविषयी पुष्कळ भ्रामक समजुती प्रचारात आहेत. माणूस मेंदूचा केवळ १० टक्के भाग वापरतो, हे खरे नाही. काही मुले ‘उजव्या मेंदूची’ व काही ‘डाव्या मेंदूची’ असतात, हेही खरे नाही. असे सांगून वर्ग किंवा साहित्य विकणाऱ्यांपासून दूर राहावे.

लक्ष नसलेल्या मुलाची प्रथम दृष्टी व श्रवण यांची तपासणी करून घ्यावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतच आरोग्य तपासणीची तरतूद आहे. एखादे मूल नजरेला नजर देत नसेल, बोट दाखवूनही पाहत नसेल, नावाने हाक मारूनही वळत नसेल, किंवा त्याची चंचलता घरी, शाळेत व खेळातही दीर्घकाळ सारखीच राहत असेल, तर पालकांना धीर देऊन वैद्यकीय सल्ला घ्यावयास सांगावे. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. घाटनांदूरकरांना तेवढ्यासाठी दूरच्या शहरी जावे लागत नाही. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. निरीक्षण दिनांकासह टिपून ठेवणे हे मात्र त्याचेच काम होय. स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये समावेश असल्याने योग्य निदानानंतर अशा मुलांना सवलती मिळू शकतात.

१०. शिक्षण परिषदेत चर्चेसाठी

(क) आपल्या वर्गातील ‘लक्ष नसणारी’ म्हणून ओळखली जाणारी तीन मुले निवडा. आठवडाभर रोज पाच मिनिटे केवळ त्यांचे निरीक्षण करा. त्यांचे लक्ष कोठे नसते हे लिहू नका. कोठे असते ते लिहा.

(ख) वरील नोंदींवरून प्रत्येक मुलाचे अवधानाचे कोणते अंग दुर्बळ आहे ते ठरवा : जागे राहण्याचे, वळण्याचे की आवरण्याचे? त्यानुसार उपाय कसा बदलेल?

(ग) गुळाच्या खड्याची गोष्ट अंगणवाडीतील मुलांना सांगून उत्तरांची वयानुसार नोंद करा. उत्तर चुकलेल्या मुलाला हसू नका. काही महिन्यांनी पुन्हा विचारा.

(घ) फडावरून परत आलेल्या मुलांसाठी पहिल्या पंधरा दिवसांचे वेळापत्रक तयार करा. त्यात ओळख, बोलणे, खेळ व अभ्यास यांचे प्रमाण कसे ठेवाल?

फडावरून परतलेले मूल शाळेत टिकते की पुढच्या हंगामात स्वतःच कोयता हाती घेते, याचा निर्णय पुष्कळदा त्या पहिल्या पंधरा दिवसांत होतो. त्या दिवसांत शिक्षकाने त्याच्याकडे दिलेले लक्ष हा त्याच्या अवधानाचा पहिला पाठ होय.